‘करंटची टेस्ट’ नॉर्मल आली, मग जीबीएस नाही ना?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात जीबीएसची, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमची साथ आली आणि तिच्यातला पहिला संशयित मृत्यू आपल्या सोलापुरात नोंदला गेला. तेव्हा शुक्रवार पेठेत शेजारच्या काकांनी मला गाठलं. माझी पीएचडी याच तपासणीवर आहे हे त्यांना माहीत. “काय रे, ती करंटची टेस्ट नॉर्मल आली की टेन्शन नाही ना?”

तसं नाही, काका. का नाही, ते सांगतो.

टेस्टचं नाव नर्व्ह कंडक्शन स्टडी. अंगठ्याच्या बुडाच्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवायचा, मनगटाशी मज्जातंतूला बारीकसा शॉक द्यायचा आणि स्नायू किती मिलिसेकंदांनी हलला ते बघायचं. मग तोच शॉक कोपरापाशी. समजा मनगटावरून ३.४ मिलिसेकंद लागले, कोपरावरून ७.४. फरक ४. मधलं अंतर २२ सेंटिमीटर, म्हणजे वेग सेकंदाला ५५ मीटर. हातात साधारण ५०च्या वर असला की ठीक. (वजाबाकी कशाला? स्नायूपर्यंत पोचल्यावरचा वेळ दोन्हीकडे सारखाच असतो, तो उडून जातो.)

जीबीएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटते. तंतूवरचं मायलिनचं वेष्टन गेलं तर वेग पडतो. आतला तंतूच तुटला तर स्क्रीनवरच्या लाटेची उंची कमी होते.

अडचण पुढेच आहे. हल्ला बरेचदा मणक्याजवळच्या मुळांपासून सुरू होतो, आणि आपण तर मनगट-कोपर तपासत बसलोय! शिवाय तंतू वर तुटला तरी खालचा तुकडा काही दिवस सिग्नल नेत राहतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात आकडे अगदी छान येऊ शकतात. म्हणून रिपोर्टमध्ये ‘एफ वेव्ह’ शोधा. हा सिग्नल मनगटापासून पाठीच्या कण्यापर्यंत जाऊन परत येतो, म्हणजे मुळांतून दोनदा जातो. सुरुवातीला कधीकधी फक्त तोच उशिरा येतो किंवा गायब असतो.

उलटी चूकही होते. हात गार असला तर दर अंशाला वेग साधारण २ मीटरनं घटतो. बाहेर सोलापूरचा मे महिना असला तरी एसीच्या खोलीत पेशंटचे हात बर्फ! मी एकदा मित्राचा वेग ४६ मोजला आणि घाबरलो. हात कोमट पाण्यात ठेवल्यावर ५४ आला. तेव्हापासून आधी त्वचेचं तापमान बघतो, ३२ अंश तरी हवं.

काकांना एवढंच म्हटलं: पायातून वर चढत जाणारा अशक्तपणा असेल, डॉक्टरांच्या हातोडीला गुडघा उडत नसेल, तर नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन घरी बसू नका. उपचार या टेस्टसाठी थांबवत नाहीत, टेस्ट आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा करता येते. आणि गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर टेस्टचं नावही काढायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.