जुनी रायफल घेण्यापूर्वी

बैलबाजारात शिरलात की शिंगे रंगवलेल्या, गळ्यात घुंगुरमाळ घातलेल्या बैलाकडे आधी नजर जाते. पण जाणता शेतकरी शिंगांच्या रंगावर भुलत नाही. तो बैलाचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मगच भावाची गोष्ट काढतो. आज ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे ती घेताना मात्र हीच जाणती माणसे पुष्कळदा रंग पाहून पैसे मोजतात. ती वस्तू म्हणजे जुनी शिकारी रायफल.

शिकारीचे दिवस गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आवर घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती पुरती बंद झाली. तरीही जुन्या वाड्यांतून आजोबा-पणजोबांच्या परवान्याच्या रायफली अजून आहेत. घरात वापरणारे कोणी नसले की त्या विकायला निघतात. घेणारा कधी पीकसंरक्षणाचा परवाना मिळालेला शेतकरी असतो, कधी जुन्या वस्तूंचा षौकी.

आता असं समजा, की तुमच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, ‘‘पाहुणे, रायफल अस्सल विलायती आहे. आजोबांनी घेतली, काकांनी नवा दस्ता बसवला, वर दुर्बीण चढवली, परवाच पॉलिश केलं. एवढा खर्च झालाय, तो धरून किंमत सांगतो.’’ ऐकायला हे बरोबर वाटते. घराला नवा मजला चढवला तर घराची किंमत वाढतेच की! पण जुन्या रायफलीचा हिशेब उलटा आहे. तिच्यावर झालेला खर्च ही तिची किंमत नव्हे. उलट, पुष्कळ वेळा त्या खर्चानेच किंमत खाली आलेली असते.

असे का होते? जुन्या रायफलीला दोन किमती असतात. एक कामाची, म्हणजे ती नीट आणि बिनधोक चालते का. दुसरी जुनेपणाची, म्हणजे कारखान्यातून निघाली तशी ती आज आहे का. बदल करणारा पहिली किंमत वाढवायला जातो आणि दुसरी घालवून बसतो. पुष्कळदा पहिलीही हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक बदल पाहताना एकच प्रश्न विचारावा : हा बदल परत फिरवता येईल का?

दस्त्याचेच घ्या. नवा दस्ता बसवला, पण जुना जपून ठेवला असेल, तर फारसे बिघडले नाही; जुना मागून घ्या. पण मूळ दस्ताच कापून लहान केला असेल, तर गेलेले लाकूड परत येत नाही. दुर्बिणीसाठी वरच्या पोलादात भोके पाडली असतील, तर ती बुजवली तरी खूण राहते. जुन्या रायफलीच्या बोल्टची मूठ सरळ असली तर ती दुर्बिणीला अडते, म्हणून काही कारागीर ती तापवून वाकवतात. बेताने तापवली तर ठीक. पण उष्णता बोल्टच्या पुढच्या भागापर्यंत गेली, तर तिथल्या पोलादाचे पाणी उतरते. विळ्याची धार भट्टीत घातल्यावर काय होते हे आपल्याला लोहाराने सांगायला नको. आणि गोळी सुटताना सारा दाब पेलायचा असतो तो बोल्टच्या याच भागाने.

पॉलिशची गोष्ट निराळी. नवा काळा रंग चढवण्याआधी पोलाद घासावे लागते. म्हणून कोरलेली अक्षरे आणि आकडे भिंगाखाली पाहा. अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या दिसल्या, स्क्रूंच्या खाचा रुंदावलेल्या दिसल्या, की समजा बाई नवी नाही, नुसती लुगडे नेसून आली आहे. शिक्षकबंधूंना हे लगेच पटेल. मुलांना शेतात जुने नाणे सापडले की ती ते चिंचेने लख्ख घासून आणतात, आणि नाण्यावरचा वाचायचा मजकूरच नाहीसा होतो. तसेच हे.

आता नळी. पण त्याआधी एक नियम, जो कधी मोडायचा नाही : रायफल हातात घेतली की तोंड माणसांपासून दूर, जमिनीकडे, बोल्ट उघडा, आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. मालक ‘‘रिकामीच आहे’’ म्हणाला तरीही. मग बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरा. आतल्या पिळाच्या खाचा स्वच्छ, धारदार दिसायला हव्यात. जुन्या काळच्या काडतुसांच्या टोपीत असे क्षार असत, की बार झाल्यावर ते नळीत राहून हवेतली ओल ओढून घेत. त्याच दिवशी नळी धुतली नाही तर आतून गंज धरे. कोकणासारख्या दमट मुलखात राहिलेली रायफल बाहेरून आरशासारखी आणि आतून देवीचे वण उठलेली निघते, ती यामुळे. नळीच्या अगदी तोंडाशी खाचा झिजल्या असतील, तर नेमही गेला.

सर्वांत धोक्याचा बदल दिसत नाही तोच. काडतूस नळीत जिथे बसते ती जागा केसभर सैल झाली, तर बार होताना पितळी टोपण मागे फाटते आणि तापलेला वायू धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. नळी बदलली, बोर वाढवला किंवा दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला, की हे माप चुकू शकते. म्हणून बोल्टवर आकडा असला तर तो रायफलीच्या आकड्याशी जुळतो का पाहा. विलायती रायफलीवर मुकुट आणि अक्षरे असे छोटे शिक्के असतात. लंडनच्या बंदूककारांना १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ सालचे. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून, नळी टिकली तरच तिथे शिक्का मारतात. पण तो शिक्का त्या दिवशीच्या नळीचा. पुढे कोणी बोर वाढवला असेल, तर जुन्या शिक्क्यावर विसंबू नका. परवानाधारक कारागिराकडून मापकाने तपासून घ्या. गोळी झाडून स्वतः परीक्षा घेऊ नका.

बोरचा आणखी एक मुद्दा. इंग्रजी अमलात ३०३ बोर लष्कराचा, म्हणून खाजगी माणसाला मिळत नसे. त्यामुळे ३१५ बोरच्या शिकारी रायफली आपल्याकडे रूढ झाल्या. या बोरची काडतुसे देशी कारखान्यात बनतात. पण कित्येक जुन्या विलायती बोरची काडतुसे मिळणे मुश्कील. काडतूस नसलेली रायफल पीक राखणाऱ्याला पहारीपेक्षा जास्त उपयोगाची नाही. भाव ठरवताना हे आधी विचारा.

मग येतात गोष्टी. ‘‘ही अमुक राजेसाहेबांची’’, ‘‘हिने वाघ मारलाय’’. गोष्टीला किंमत आहे, पण कागद असेल तरच. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना सर जॉन हेवेट यांनी रिग्बी कंपनीची २७५ बोरची रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे. देणाऱ्याचे नाव, कारण आणि साल तिच्यावर कोरलेले आहे. असा पुरावा असेल तर जादा पैसे द्या. नुसती गोष्ट असेल तर चहा पिऊन ऐका, आणि पैसे रायफलीचेच द्या.

आता कायदा, कारण इथे चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे. ज्या रायफलीवर कारखान्याचे नाव, आकडा किंवा ओळखीची खूण नाही ती विकता येत नाही. आणि खूण पुसलेली रायफल ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच ती पुसली असे कायदा धरून चालतो. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. म्हणजे पॉलिशवाल्याने आकडा घासला आणि तुम्ही बेसावधपणे घेतली, तर जाब तुम्हाला. म्हणून विकणाऱ्याचा परवाना मागा आणि त्यातला आकडा रायफलीवरच्या आकड्याशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. आपला परवाना आधी, सौदा नंतर. खाजगी विक्रीत विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. आणि हेही ध्यानात असू द्या, की रायफलीचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे. रानडुकराने पीक लोळवले तरी आधी वनखात्याची परवानगी लागते.

मग भाव कसा करावा? त्याच जातीच्या, न बदललेल्या, चांगल्या रायफलीला आज काय पडते ते दोन-तीन परवानाधारक दुकानदारांकडे विचारा. त्यातून न फिरणाऱ्या प्रत्येक बदलाचे पैसे वजा करा, लागणाऱ्या दुरुस्तीचा खर्च वजा करा. उरेल ती तुमची किंमत. मालकाने केलेला खर्च त्यात मिळवायचा नाही.

आणि आकडा जुळत नसेल, मालक बोल्ट काढू देत नसेल, किंवा कारागिराला दाखवायला नको म्हणत असेल, तर भावात घासाघीस करू नका. राम राम म्हणा आणि उठा. बैल खोडीचा निघाला तर पुढच्या बाजारात विकता येतो. रायफल खोडीची निघाली तर डोळा जातो, नाहीतर कोर्टाची पायरी चढावी लागते.