खगोलशास्त्राचे एक रशियन नियतकालिक

एखाद्या शास्त्राच्या प्रगतीचे वर्णन करताना वेधशाळा, दुर्बिणी आणि थोर संशोधक यांचा उल्लेख होतो. त्यांचे शोध ज्या पानांवर प्रथम छापले गेले, त्या पानांचा मात्र क्वचितच. वस्तुतः प्रसिद्ध झाल्याखेरीज शोधाला शास्त्रात स्थान मिळत नाही, आणि तो कोणत्या भाषेत प्रसिद्ध झाला यावर त्याचे भवितव्य पुष्कळदा अवलंबून असते. ‘ॲस्त्रोनोमीचेस्की झुर्नाल’ या रशियन नियतकालिकाच्या इतिहासात ही गोष्ट ठळकपणे दिसून येते.

हे नियतकालिक १९२४ साली निघाले. त्याचे संस्थापक-संपादक व्ही. जी. फेसेन्कोव्ह यांनी १९६४ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, संपादनाची धुरा वाहिली. पुढे ते सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या प्रकाशनसंस्थेकडून प्रसिद्ध होऊ लागले. पीटर द ग्रेट याच्या आज्ञेने १७२४ साली स्थापन झालेल्या या अकादमीचा छापखाना १७२७ पासूनचा; स्वतंत्र प्रकाशनसंस्था मात्र १९२३ मधील. १९६३ साली या संस्थेला ‘नाऊका’ हे नाव मिळाले. रशियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘विज्ञान’ असा आहे.

प्रारंभीचा काळ अत्यंत कठीण होता. लेनिनग्राडजवळील पुल्कोव्हो वेधशाळेचे संचालक बोरिस गेरासिमोविच यांना १९३७ साली राजकीय दडपशाहीत गोळी घालून ठार करण्यात आले; त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना कारावास भोगावा लागला. त्यानंतर महायुद्ध आले आणि लेनिनग्राडच्या वेढ्यात ती वेधशाळाच उद्ध्वस्त झाली. ती पुन्हा उभी राहण्यास १९५४ साल उजाडले. इतके होऊनही नियतकालिकाच्या खंडांची गणना कोठे खुंटलेली नाही. १९२४ चा खंड पहिला, तर १९४९ चा सव्विसावा.

या सव्विसाव्या खंडात इओसिफ श्क्लोव्स्की यांचा एक लेख आहे. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्या परिवलनाची दिशा समांतर असते किंवा परस्परविरुद्ध असते. पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. एकाकी अणूच्या बाबतीत असा प्रसंग सरासरीने सुमारे १ कोटी १० लक्ष वर्षांतून एकदा येतो. परंतु आकाशगंगेतील हायड्रोजनचा साठा इतका अफाट आहे की, अशा मंद उत्सर्जनाचीही बेरीज मोठी होते. ही कल्पना प्रथम मांडली ती हॉलंडमधील व्हान डी हुल्स्ट यांनी, १९४४ साली. त्यांचा लेख डच भाषेत छापला गेला, आणि या लहरी प्रत्यक्ष पकडता येतील काय, याविषयी ते स्वतः साशंक होते. श्क्लोव्स्की यांनी सविस्तर गणित करून त्या पकडता येतील असे दाखविले. १९५१ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात यूएन व पर्सेल यांना त्या प्रथम आढळल्या. आकाशगंगेच्या सर्पिल भुजांचा नकाशा पुढे याच लहरींच्या साहाय्याने काढण्यात आला. म्हणजे या शोधाच्या दोन्ही आधारशिला अशा भाषांत रचल्या गेल्या होत्या की, ज्या बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना वाचताच येत नसत!

हा अडसर दूर करण्याचे काम भाषांतरकारांनी केले. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स या संस्थेने सोव्हिएत भौतिकीच्या एका प्रमुख नियतकालिकाचे भाषांतर १९५५ साली हाती घेतले होते. १९५७ पासून ‘झुर्नाल’ही ‘सोव्हिएत ॲस्ट्रॉनॉमी’ या नावाने इंग्रजीत संपूर्ण मिळू लागले. श्क्लोव्स्कींचे शिष्य निकोलाय कार्दाशेव्ह यांचा १९५९ मधील लेख अशा रीतीने लवकरच इंग्रजीत आला. हायड्रोजनच्या फार बाहेरच्या कक्षांमध्ये, उदाहरणार्थ ९१ व्या कक्षेतून ९० व्या कक्षेत, इलेक्ट्रॉन उतरला तर त्यातूनही रेडिओलहरी निघाव्यात, असे भाकीत त्यांनी केले होते. १९६४ साली सोव्हिएत संशोधकांच्या दोन निरनिराळ्या गटांनी ते खरे ठरविले.

तथापि भाषांतर झाले म्हणजे लेख वाचला गेला, असे मात्र नव्हे. त्याच १९६४ साली अकादमीच्या ‘दोक्लादी’ या दुसऱ्या नियतकालिकात दोरोश्केविच व नोव्हिकोव्ह यांचे छोटे टिपण प्रसिद्ध झाले. विश्वाच्या आरंभीच्या तप्त अवस्थेतून उरलेले प्रारण आजही पकडता येईल, आणि त्यासाठी अमेरिकेतील होल्मडेल येथील कर्ण्याच्या आकाराचा ॲन्टेना सर्वांत योग्य आहे, असे त्यात म्हटले होते. त्या ॲन्टेनाविषयी १९६१ साली इंग्रजीत छापलेला लेखही त्यांनी मिळविला होता. परंतु त्यातील ‘आकाशाच्या तापमाना’च्या आकड्याचा अर्थ लावताना गफलत झाली, आणि असे प्रारण आढळत नाही असा त्यांचा ग्रह झाला. इकडे टिपणाचे इंग्रजी भाषांतर त्याच वर्षी निघूनही संबंधितांपैकी कोणाच्या दृष्टीस पडले नाही. पेन्झियास व विल्सन यांना नेमक्या त्याच ॲन्टेनावर ते प्रारण अनपेक्षितपणे सापडले. १९७८ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा पेन्झियास यांनी आपल्या व्याख्यानात त्या विस्मृत टिपणाचा आवर्जून उल्लेख केला.

सोव्हिएत संघराज्य १९९१ साली संपुष्टात आले. १९९२ मध्ये अकादमी, ‘नाऊका’ आणि एक अमेरिकन प्रकाशक यांनी मिळून नवी संस्था काढली, आणि १९९३ पासून इंग्रजी आवृत्तीचे नाव ‘ॲस्ट्रॉनॉमी रिपोर्ट्स’ असे झाले. नाव बदलले, तरी खंडांची गणना पूर्ववत चालू राहिली. मात्र इंग्रजी गणना १९५७ पासून धरलेली असल्याने एकाच वर्षाच्या खंडाला दोन क्रमांक पडतात. मूळ रशियन क्रमांकातून ३३ वजा केले की इंग्रजी क्रमांक मिळतो. कार्दाशेव्ह यांचा १९५९ मधील लेख रशियन छत्तिसाव्या खंडात आहे. ग्रंथालयात त्याचे भाषांतर शोधणाऱ्याने तिसरा खंड काढावा.