हॅमिल्टनचा पोरगा आणि त्याची मते

आमच्या थोरल्या ताईचा मुलगा २०२२ च्या सप्टेंबरात शिक्षणासाठी कॅनडाला गेला. बँकेचे कर्ज, ताईच्या पाटल्या आणि आमच्या सोसायटीतून काढलेली रक्कम असा सगळा मेळ घालून तो गेला. गाव हॅमिल्टन. ओंटारिओ सरोवराच्या काठचे, टोरोंटोपासून सत्तर-एक किलोमीटरवरचे पोलादाचे गाव. दिवसा कॉलेज आणि रात्री एका गोदामात पाळी. त्या गोदामात शेजारी उभा राहून खोकी उचलणारा तिथलाच एक पोरगा त्याचा दोस्त झाला. जन्म २००२ चा, बाप पोलाद कारखान्यात कामगार, आई म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याच्या नोकरीत. नाव येथे देत नाही. मते मात्र देतो, कारण या पोराजवळ मतांना तोटा नाही.

तिकडची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. शनिवारी रात्री कॅनडात घरोघर टीव्हीवर हॉकीचा सामना लावतात, १९५२ पासूनची ही रीत आहे. भाचा सामना बघायला त्या पोराच्या घरी जातो. सामना संपला की तेथूनच आम्हाला फोन लावतो. आम्ही चहाचा कप हातात घेऊन बसलेले असतो. ‘हॅलो, मामा!’ म्हणून तो पोरगाही फोनवर येतो. ‘मामा’ हा आमचा हुद्दा आहे असे त्याला पुष्कळ दिवस वाटत होते. आमचे इंग्रजी कारकुनी, ‘विथ रेफरन्स टु युवर लेटर’च्या वळणाचे, त्याचे भरधाव. तरी जमते. न जमले तर भाचा मध्ये पडतो.

त्यांची हॉकी म्हणजे आपल्या ध्यानचंदांची हॉकी नव्हे. ती बर्फावर, पायात धारदार पात्यांचे बूट घालून, रबराच्या काळ्या चकतीने खेळतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. हा पोरगा टोरोंटोच्या मेपल लीफ्सचा भक्त. या संघाने स्टॅन्ली कप शेवटचा जिंकला तो १९६७ साली. त्याचा बापही तेव्हा जन्मलेला नव्हता! तरी दर हंगामात त्या घरात नवी आशा धरतात. ‘हे असं का?’ असे आम्ही विचारले, तर म्हणाला, ‘मामा, जिंकणाऱ्या संघावर कुणीही प्रेम करील.’ त्याचे हे मत आम्ही डायरीत टिपून ठेवले. हिशेबाच्या वहीत असल्या नोंदीला रकाना नसतो.

तो स्वतः अकराव्या वर्षी हॉकी खेळायचा थांबला. बूट, शिरस्त्राण, अंगावरचे चिलखत, बर्फाच्या मैदानाचे भाडे, गावोगावचा प्रवास. पाळीवरच्या कामगाराला हा खर्च झेपत नाही, आणि पोराचा पाय तर दरवर्षी वाढतो. पुढे तो गल्लीतच टेनिसच्या चेंडूने खेळला. मोटार आली की कोणीतरी ‘कार!’ म्हणून ओरडायचे, सगळे जाळी उचलून बाजूला व्हायचे, मोटार गेली की पुन्हा सुरू. हे ऐकताना आमची चाळ आणि रबरी चेंडूचे क्रिकेट डोळ्यापुढे आले. आमच्याकडे मोटारी नव्हत्या, पाण्याच्या हंड्यांची रांग मध्ये यायची, एवढाच फरक. त्याचे ठाम मत असे की, देशाचा खेळ म्हणायचा आणि पैसेवाल्यांच्याच पोरांनी खेळायचा, ही लबाडी आहे. यावर आम्हाला काही बोलायचे नव्हते. आम्ही नुसते ‘येस, येस’ म्हणालो.

बातम्यांचे त्याच्याजवळ वेगळेच आहे. कॅनडाच्या संसदेने जून २०२३ मध्ये कायदा केला की, मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी वृत्तपत्रांच्या बातम्या दाखवायच्या तर वृत्तपत्रांना मोबदला द्यावा. त्यावर फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीने त्याच वर्षी ऑगस्टपासून कॅनडात बातम्या दाखवणेच बंद केले. पैसे देण्यापेक्षा दुकानाचे ते दार बंद! तेव्हापासून हा पोरगा बातम्या ऐकतो त्या बापाच्या गाडीतल्या रेडिओवर, किंवा दोस्तांनी पाठवलेल्या मथळ्यांच्या फोटोंतून. बातमी बंद झाली, मते चालूच राहिली. आम्ही एकदा त्याला टोकले की, बाबा रे, मथळ्याखालचेही वाचत जा. तो हसला. भाचा म्हणाला, ‘मामा, आपल्याकडेही सगळे फॉरवर्डच वाचतात.’ खरे आहे, पण भाच्याने ते त्याच्यादेखत बोलायला नको होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कॅनडात डॉन चेरी नावाचे हॉकीचे भाष्यकार होते. भडक कोट आणि भडक बोलणे, कामगारवर्गात फार लोकप्रिय. तिकडे ११ नोव्हेंबरला युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ छातीवर लाल पॉपीचे फूल लावतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये टीव्हीवर चेरींनी बाहेरून आलेल्यांना उद्देशून ‘तुम्ही लोक’ अशा भाषेत सुनावले की, येथले दूध-मध तुम्हाला आवडते, मग फुलाचे दोन डॉलर तरी टाका. दोनच दिवसांत वाहिनीने त्यांना काढून टाकले. वय पंच्याऐंशी. सोबतच्या निवेदकाने माफी मागितली.

या प्रकरणावरून त्या घरात बाप-लेकाचे वाजले होते. बाप म्हणे, म्हातारा सैनिकांच्या बाजूने बोलला, त्याचे काय चुकले? पोरगा तेव्हा सतरा वर्षांचा. त्याचे मत असे की, काढले ते बरोबर केले. शीख सैनिकही त्या युद्धांत मेले, त्यांच्या नातवंडांना ‘तुम्ही लोक’ कोण म्हणणार? याच देशात २००८ पासून हॉकीचे समालोचन पंजाबीतूनही होते. २०१६ च्या अंतिम फेरीत हरनारायण सिंग या समालोचकाने बोनिनो नावाच्या खेळाडूच्या गोलवर ‘बोनिनो, बोनिनो, बोनिनो’ असा जो गजर केला, तो अमेरिकेतसुद्धा गाजला. पोरगा अजून त्याची नक्कल करतो. पंजाबीचा एक शब्द येत नाही, पण सूर बरोबर लावतो.

आणि याच पोराच्या तोंडून २०२४ च्या फेब्रुवारीत तेच दोन शब्द निघाले!

झाले असे. २०२३ अखेर कॅनडात परदेशी विद्यार्थ्यांची संख्या दहा लाखांवर गेली होती. घरभाडी कडाडली. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने नव्या विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. त्या शनिवारी सामना चालू असताना हा विषय निघाला. पोरगा म्हणाला, ‘फार आधी करायला हवं होतं. तुम्ही लोक एकेका घरात दहा-दहा जण राहता, म्हणून मालक भाडं चढवतात. मला वेगळी खोली घ्यायची तर मी कुठून घेऊ?’ भाचा गप्प झाला. तो स्वतः तळघरातल्या खोलीत तिघांबरोबर राहत होता. तेवढ्यात खुर्चीतून बाप म्हणाला, ‘अरे, चेरीला याच दोन शब्दांवरून घालवला होता. आणि तू म्हणाला होतास, बरोबर केलं.’

पोरगा लालबुंद झाला. थोड्या वेळाने भाच्याला म्हणाला, ‘शब्द मागे घेतो. मत मागे घेत नाही.’

भाच्याने हे सांगितले तेव्हा त्याचा आवाज पडलेला होता. ताईला सांगू नको, म्हणाला. आम्ही दिवसभर त्याच वाक्याचा विचार करीत राहिलो. आमच्या नोकरीला वीस वर्षांवर काळ झाला. चहाच्या सुट्टीत ‘तुम्हा लोकांचं बरं आहे बुवा’ हे आम्ही किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. बढतीची यादी लागली की ऐकायचे, पोराला प्रवेश मिळाला की ऐकायचे. बोलणारे वाईट होते असेही नाही. त्यातल्याच एकाने आमच्या आजारपणात डबा पोहोचवला आहे. पण शब्द मागे घेतो असे कोणी म्हटल्याचे आठवत नाही. आणि खरे सांगायचे तर आम्हीही कोणाला समोरासमोर टोकले नाही. खुर्चीत बसलेला असा कोणी बाप आमच्या कचेरीत नव्हता.

मताचे मात्र उत्तर दिले पाहिजे, असे आम्ही भाच्याला म्हणालो. बी.कॉम.चा उपयोग कधी होणार? भाच्याने कागद पाठवले, आम्ही दोन रात्री बसून हिशेब मांडला. ओंटारिओ सरकारने २०१९ साली तिथल्या मुलांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि तेथेच गोठवली. मग कॉलेजांनी खड्डा भरून काढला तो परदेशी मुलांकडून, आणि त्यांच्यासाठी वसतिगृहे काही त्या मानाने बांधली नाहीत. भाच्याची फी त्या पोराच्या वर्गमित्राच्या फीच्या कितीतरी पट होती. पुढच्या शनिवारी भाच्याने कागद समोर ठेवला. पोराने तो नीट वाचला (मथळ्याखालचेसुद्धा) आणि म्हणाला, ‘म्हणजे तुझ्या पैशावर माझे दोस्त शिकले. मग आधी कॉलेजवाल्यांना धरलं पाहिजे.’ घरभाड्याचे मत मात्र जागचे हलले नाही.

खोलीवरून आणखी एक गोष्ट निघाली. भाचा नवीन असताना आपल्याच देशातल्या एका कुटुंबाकडे खोली बघायला गेला होता. आधी आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग खोली कालच दिली म्हणाले. पाटी मात्र महिनाभर तशीच होती. पोराला हे काही केल्या समजेना. ‘आडनावात काय वाईट होतं?’ एवढेच तो विचारत राहिला. समजावायला अर्धा तास गेला. मग त्याने खिशातून दहा डॉलरची नोट काढली. तिच्यावर व्हायोला डेझमंड या काळ्या बाईंचे चित्र आहे. १९४६ साली नोव्हा स्कोशियातल्या न्यू ग्लासगो गावी सिनेमा बघताना त्या गोऱ्यांसाठी राखलेल्या खालच्या जागेवर बसल्या. वरचे तिकीट तेवढे त्यांना देऊ केले होते. त्यांना ओढून बाहेर काढले, रात्रभर कोठडीत ठेवले आणि खटला भरला तो काय, तर दोन तिकिटांच्या करमणूक करातला फरक बुडवला म्हणून. फरक होता एका सेंटचा! आम्ही कारकून माणसे, पैशाची तफावत शोधण्यात रात्री घालवलेली. पण एका सेंटच्या हिशेबात एवढी अब्रू लुटल्याचे प्रथमच ऐकले. त्या १९६५ मध्ये वारल्या. माफीनामा निघाला २०१० साली, नोट आली २०१८ मध्ये. पोराचे मत असे की, नोटेवर छापणे सोपे, ती हयात असताना एक सेंट परत द्यायला हवा होता. जातीचा प्रश्न तिकडेही आता कागदावर आला आहे. टोरोंटोच्या शाळा मंडळाने मार्च २०२३ मध्ये त्यावर ठराव केला आणि ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने त्याच वर्षी ऑक्टोबरात जातिभेद हाही भेदभावच, असे धोरण जाहीर केले. भाच्याने हे त्याला दाखवले, तेव्हा म्हणाला, ‘मग त्या खोलीवाल्याला पाठव की!’

करमणुकीतले त्याचे दैवत म्हणजे ट्रॅजिकली हिप हा गाणाऱ्यांचा ताफा. मुख्य गायक गॉर्ड डाउनी यांना मेंदूचा कर्करोग झाला होता. २० ऑगस्ट २०१६ ला किंग्स्टन गावी त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, तो देशातल्या एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. पोराच्या बापाने अंगणात टीव्ही आणून लावला होता. मरणाच्या दारातला तो माणूस गाता गाता थांबला आणि प्रेक्षकांत बसलेल्या पंतप्रधानांना उद्देशून उत्तरेकडच्या मूळनिवासींबद्दल बोलला. पुढे त्यांची चेनी वेनजॅक या मुलावरची गाणी प्रसिद्ध झाली. मूळनिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घालायचे, भाषा बोलली की मारायचे, असे त्या देशात शंभरावर वर्षे चालले. दीड लाखावर मुले या शाळांतून गेली. चेनी बारा वर्षांचा. ऑक्टोबर १९६६ मध्ये शाळेतून पळाला आणि सहाशे किलोमीटरवरच्या घराकडे रेल्वेच्या रुळाने चालत निघाला. थंडीने रुळाशेजारीच मेला. ‘मला हे शाळेत नाही, गाण्याने कळलं,’ असे पोरगा म्हणतो.

२०२१ पासून ३० सप्टेंबर हा त्या मुलांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस आहे. लोक नारिंगी सदरे घालतात. गोदामातून सदऱ्यांची खोकीच्या खोकी जातात, ती हे दोघे उचलतात. त्यावर पोरगा म्हणाला होता की, सदरा वीस मिनिटांत घालून होतो, नळाचं काय? ओंटारिओच्या उत्तरेला नेस्कांटागा वस्तीत १९९५ मध्ये पाणी उकळून प्या असा हुकूम निघाला आणि पंचवीस वर्षांनीही तो उठला नव्हता. अख्ख्या जगातले गोड्या पाण्याचे एवढे मोठे साठे ज्या देशात, तेथे! पाण्याचा विषय निघाल्यावर आम्हाला महाड सांगितल्यावाचून राहवले नाही. १९२७ चा मार्च, चवदार तळे, बाबासाहेबांची ओंजळ. फोनवर चाळीस मिनिटे झाली. पलीकडे त्याचा बापही ऐकत होता, हे नंतर कळले.

२०२५ साल त्या घराला जड गेले. अमेरिकेने मार्चमध्ये पोलादावर २५ टक्के जकात बसवली, जूनमध्ये ती ५० केली. हॅमिल्टनचे पोलाद तिकडेही जायचे. फेब्रुवारीत बॉस्टनला कॅनडाने जादा वेळेत अमेरिकेला ३-२ हरवले, तेव्हा बाप खुर्चीवर उभा राहिला होता. पुढे तो फारसा बोलेनासा झाला. मे महिन्यात लीफ्स निर्णायक सातव्या सामन्यात फ्लोरिडाकडून घरच्या मैदानावर ६-१ ने हरले. लोकांनी अंगावरचे सदरे काढून बर्फावर फेकले. आम्ही सोमवारी कचेरीत जायला निघालो होतो, तेवढ्यात फोन आला. आम्ही सांत्वनाचे दोन शब्द शोधत होतो, तर पोरगाच म्हणाला, ‘मामा, पुढच्या वर्षी.’ मागून बाप काहीतरी म्हणाला. भाच्याने त्याचे भाषांतर करायचे नाकारले.

घरभाड्याबद्दल त्याचे मत अजून तेच आहे. भाचा दर शनिवारी जातो.