ऊसतोडीला जाणारा मुलगा आणि बिडी

दिवाळी आटोपली की नवापूर, साक्रीकडच्या टोळ्या कोयते घेऊन सुरत जिल्ह्यात ऊसतोडीला निघतात. बारडोली, चलथाण ही नावे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. टोळीत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाही असतो. पहाटेची थंडी, रात्री-अपरात्री गाडी भरणे, अशा वेळी कोणी वडीलधारा माणूसच म्हणतो, "घे, ओढ, झोप जाईल." सुरुवात बहुधा अशी होते.

देशातले एकंदर चित्र सुधारत आहे. १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांत तंबाखू घेणारे २००९ साली १४.६ टक्के होते; २०१९ च्या पाहणीत ते ८.५ टक्के आढळले. पण ही मोजणी शाळेतल्या मुलांची. टोळीबरोबर गेलेला मुलगा त्या वर्गात बसलेलाच नसतो! आणि बिडी ओढून पाहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी ४७ टक्के मुलांनी ती वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच ओढली होती.

पुष्कळांना वाटते, बिडी म्हणजे झाडाचे पान, ती सिगारेटपेक्षा सौम्य. हे खरे नाही. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही. बिडी वरचेवर विझते, म्हणून जोराने आणि पुन्हा पुन्हा झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू थोडी असूनही निकोटिन व विषारी कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा अधिक पोटात, म्हणजे फुप्फुसांत, जाते. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. मेंदूची वाढ विशी उलटल्यावरही चालू असते, म्हणून कोवळ्या वयात लागलेली सवय फार घट्ट बसते.

अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण "जा रे, बिडीचा कट्टा घेऊन ये" म्हणून आपणच त्याला टपरीवर धाडतो, त्याला काय म्हणावे?

मुलगा सोडायला तयार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा : पहिला आठवडा सर्वांत जड जातो. चिडचिड होते, झोप लागत नाही. मात्र तलफ आली तरी ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, चार पावले चालावे, चणे-फुटाणे चावावेत. १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. टोळी निघण्यापूर्वी तो त्याच्या मोबाइलमध्ये घालून द्या.