तीन वर्षांचे रविवार

मी मराठीचा मास्तर. तरी एका आकड्याने मला वेड लावले आहे. सदुसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा. येतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७! १६४४ साली फ्रेंच धर्मगुरू मेर्सेन यांनी ही मूळ संख्या ठरविली. म्हणजे एक व ती स्वतः यांवाचून कशानेही भाग न जाणारी. १८७६ मध्ये ल्युका या गणितज्ञाने ते खोडून काढले. पण गंमत अशी की, हिला अवयव आहेत एवढेच कळले. ते कोणते, हे त्यालाही ठाऊक नव्हते. घरात चोर आहे हे कळावे, पण तो सापडू नये, तसे!

१९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत फ्रँक कोल उठले. सांगतात की, चकार शब्द न काढता त्यांनी फळ्यावर १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. उत्तर तेच! टाळ्यांचा कडकडाट झाला. हे शोधायला किती काळ लागला? तीन वर्षांचे रविवार, असे ते पुढे म्हणाले म्हणे.

गुणाकार घटकेचा, अवयवांचा शोध वर्षांचा. आज इंटरनेटवरील कितीतरी गुपितांना याच अवघडपणाचे कुलूप असते. मला मात्र अप्रूप वाटते ते त्या रविवारांचे. कुणी न सांगता, कसल्या लाभाविना दिलेले!