दोन उत्तरांचा ताळा

बँक असो, विद्यापीठ असो की सरकारी खाते, जुना डेटाबेस सोडून नव्यावर जाताना एक काम करावेच लागते. तीच क्वेरी दोन्हीकडे चालवायची आणि आलेली उत्तरे ताडून पाहायची. या कामाचा गाजावाजा होत नाही, पण ‘आता जुना सर्व्हर बंद करा’ असे म्हणण्याचा अधिकार त्यातूनच मिळतो. माझी नोकरीची बहुतेक वर्षे याच कामाच्या आसपास गेली. गेल्या तीसेक वर्षांत त्याची साधने पार बदलली. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र तोच राहिला: दोन उत्तरे सारखी आहेत असे कधी म्हणायचे?

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले. त्यात टेबल म्हणजे ओळींचा संच, आणि संचातून संच वजा करता येतो. एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणात ही वजाबाकी ‘एक्सेप्ट’ या नावाने आली. ओरॅकल या डेटाबेसवर काम करणारे तिला ‘मायनस’ म्हणत. जुन्यातून नवे वजा करायचे, नव्यातून जुने वजा करायचे, आणि दोन्ही वेळा एकही ओळ उरली नाही की जुळले. पण त्यासाठी दोन्ही टेबले एकाच सर्व्हरला दिसावी लागत. शिवाय ही वजाबाकी दुबार ओळी एकच धरते. एकीकडे पावती एकदा आणि दुसरीकडे तीच दोनदा असली, तरी फरक शून्यच येतो. म्हणून जाणती माणसे आधी दोन्हीकडच्या ओळी मोजत, रकमांच्या बेरजा घेत आणि मगच वजाबाकीकडे वळत. ही शिस्त आजही मोडू नये.

दोन वेगळ्या कंपन्यांचे डेटाबेस समोरासमोर बसवणे खऱ्या अर्थाने सोपे झाले ते स्क्रिप्टिंग भाषांमुळे. पूर्वी पर्लमधून ओरॅकलशी बोलायला ओरापर्ल आणि सायबेसशी बोलायला सायबपर्ल अशी वेगवेगळी सोय होती. नव्वदच्या दशकात टिम बन्स यांच्या पुढाकाराने डीबीआय हे मॉड्यूल आले. वर एकच पद्धत आणि खाली प्रत्येक डेटाबेसचा आपापला ड्रायव्हर, अशी त्याची रचना. आता एकाच स्क्रिप्टमध्ये दोन जोडण्या उघडता येऊ लागल्या. दोन्हीकडून ओळी कीच्या, म्हणजे ओळ ओळखणाऱ्या रकान्याच्या, क्रमाने मागवायच्या आणि एकेक ओळ शेजारी ठेवत पुढे सरकायचे. ज्या बाजूची की लहान, ती ओळ दुसरीकडे नाही. मेमरी जवळजवळ लागतच नसे. कोट्यवधी ओळी साध्या यंत्रावर तपासून होत.

या पद्धतीचा सगळा भार क्रमावर होता, आणि मजकुराचा क्रम दोन ठिकाणी सारखा असेलच असे नाही. एक डेटाबेस बाइटनुसार क्रम लावतो, दुसरा भाषेच्या नियमांनुसार. २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीची २.२८ आवृत्ती आली. तिने क्रमाचे नियम इतके बदलले की क्रमासाठी तिच्यावर विसंबणारा एकच पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस जुन्या आणि नव्या यंत्रावर वेगळा क्रम देऊ लागला. क्रम एकदा चुकला की पुढच्या असंख्य ओळी विनाकारण वेगळ्या ठरतात. म्हणून शक्य तिथे आकडी की धरावी, आणि मजकुराचीच की असेल तर दोन्हीकडे बाइटचा क्रम मागावा.

पुढे पायथनचे दिवस आले. डेटाबेसशी बोलण्याचे त्याचे सामायिक प्रमाण १९९९ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत स्थिरावले. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या पांडाज लायब्ररीने तर तपासणीची सवयच बदलली. दोन्ही उत्तरे मेमरीत आणायची, कीवर जोडायची, आणि २०१५ पासून मिळालेल्या ‘इंडिकेटर’ने कोणती ओळ फक्त डावीकडे आहे, कोणती फक्त उजवीकडे, ते पाहायचे. कॅपिटल वन या बँकेने खुली केलेली डेटाकॉम्पाय लायब्ररी सॅस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या जुन्या ‘प्रॉक कम्पेअर’ची जागा घेण्यासाठी जन्मली. किती फरक चालेल, हे तिला सांगता येते.

पांडाजने सोय दिली तसा एक धोकाही आणला. पूर्णांकांच्या रकान्यात एखादी जागा रिकामी असली की पांडाज सहसा अख्खा रकाना दशांशी संख्येत बदलते. त्या संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका धरू शकतात. त्यापुढचे दोन शेजारचे व्यवहार क्रमांक एकच दिसू शकतात. फरक असूनही तपासणी जुळले म्हणते, आणि खोट्या फरकापेक्षा ही खोटी जुळणी जास्त घातक असते. २०१९ मध्ये रिकाम्या जागा सामावणारा पूर्णांक प्रकार आला, पण तो आपण मागावा लागतो.

रिकाम्या जागेचा घोळ तर याहून जुना. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग आणि नल, म्हणजे माहिती नसल्याची खूण, एकच मानते, पोस्टग्रेसक्यूएल दोन्ही वेगळे ठेवते. एसक्यूएलमध्ये नलची नलशी तुलना खरीही नसते आणि खोटीही नसते. वजाबाकीत मात्र दोन नल सारखे धरले जातात. तारखांचेही तसेच: ओरॅकलच्या तारखेत वेळही असते, पोस्टग्रेसक्यूएलच्या तारखेत नसते.

आपल्या नावांचा घोळ याहून सूक्ष्म आहे. ‘वऱ्हाडे’ या आडनावातला ऱ तीन प्रकारे साठवला जातो: एकच अक्षर म्हणून, र आणि नुक्ता मिळून, किंवा र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह मिळून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, संगणकाला तिन्ही वेगळे. युनिकोडचे सामान्यीकरण पहिले दोन एक करते. तिसऱ्यासाठी नियम आपल्यालाच लिहावा लागतो. तो न लिहिता मराठी नावांची यादी ताडली, तर खरे फरक खोट्यांच्या गर्दीत हरवतात.

अलीकडे डेटा जागचा हलवायचाच नाही, असा विचार रुजला. टेबलाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाचा चेकसम, म्हणजे सारांश-आकडा, त्याच्याच डेटाबेसमध्ये काढायचा, आणि जो जुळणार नाही तेवढाच भाग पुन्हा फोडायचा. डेटाफोल्ड या कंपनीचे डेटा-डिफ हे साधन २०२२ मध्ये याच पद्धतीने आले. २०२४ मध्ये कंपनीने त्याची देखभाल थांबवली, पण पद्धत टिकली आहे.

आणि या तपासणीला मर्यादाही आहे. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची माहिती नव्या यंत्रणेवर नेली. माहिती नीट पोचली, पण यंत्रणाच कोलमडली; २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. ताळा जुळला म्हणजे माहिती शाबूत आहे एवढेच सिद्ध होते.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. पैशात किती फरक चालेल, नल आणि रिकामे एक मानायचे का, वेळ कोणत्या टाइमझोनची धरायची, नावे कशी सारखी करायची, हे त्या माहितीचा अर्थ जाणणाऱ्या हिशेबनीसाने किंवा कुलसचिवाने आधी ठरवावे आणि ते स्क्रिप्टशेजारी लिहून ठेवावे. मग चाचणीच्या प्रतीतली एक ओळ मुद्दाम बिघडवून स्क्रिप्ट ती पकडते का, हे पाहावे. जी स्क्रिप्ट या परीक्षेला उतरली नाही, तिच्या ‘जुळले’ या शब्दावर जुना सर्व्हर बंद करू नये.