जयभीमचा टॅटू चिघळला तर काय करावे?

१४ एप्रिल जवळ आला की सातारा, कराड, सांगली, मिरज परिसरातले आपले अनेक तरुण टॅटू काढून घेतात. दंडावर 'जयभीम', मनगटावर अशोकचक्र, छातीवर बाबासाहेबांची प्रतिमा. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ओळख लपवायला भाग पाडले गेले, त्याने ती अंगावर अभिमानाने मिरवावी, याला आमचा विरोध नाही. पण टॅटू म्हणजे सुईने केलेली जखमच असते, हे विसरून चालणार नाही.

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज आणि पातळ स्राव येणे स्वाभाविक आहे. नंतर खपली धरते, खाज येते. वरची कातडी भरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर खपली ओढू नये, खाजवू नये. साध्या साबणाने हलक्या हाताने धुऊन जागा कोरडी ठेवावी. कृष्णेत किंवा विहिरीत पोहणे टाळावे. उसाच्या फडात काम असेल तर जागा स्वच्छ, सैल कापडाने झाकावी. मिरवणुकीतला गुलाल, घाम आणि ऊन ताज्या जखमेला सोसत नाही. त्यामुळे टॅटू काढायचाच असेल, तर तो जयंतीच्या आदल्या दिवशी काढू नये.

दिवस जातील तसे दुखणे कमी व्हायला हवे. ते वाढत असेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप आला असेल, तर तो जंतुसंसर्ग समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हळद, चुना, राख, टूथपेस्ट लावत बसू नये. मेडिकलमधून मनाने आणलेल्या मलमात अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, पण आतला संसर्ग वाढू शकतो.

शाईची अ‍ॅलर्जी वेगळी. ती काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते. बहुधा एकाच रंगाची जागा फुगते आणि खाजते. यात लाल रंग सर्वाधिक त्रास देतो. छाती, खांदा, पाठ इथे काहींना केलॉइड होतो, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा जाड व्रण. सावळ्या कातडीत त्याचे प्रमाण जास्त असते. पूर्वी असा व्रण आला असेल, तर टॅटू टाळलेलाच बरा. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत गंभीर धोका रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा. जत्रेतल्या स्टॉलवर एकच सुई, शाईची एकच वाटी अनेकांना वापरली, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. शंका असेल तर सातारा, सांगली किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्या. एचआयव्हीची तपासणी तिथे मोफत होते आणि गुप्तही राहते. लगेच केलेल्या चाचणीत लागण दिसेलच असे नाही, म्हणून पुन्हा कधी यायचे ते विचारून घ्या. हिपॅटायटिस बीची लस उपलब्ध आहे.

जयंतीला आणि ६ डिसेंबरला रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही. कुणी उत्साहाच्या भरात टॅटू लपवून रक्त दिले, तर धोका घेणाऱ्या रुग्णाला असतो. शिबिरात नाव नोंदवतानाच हा प्रश्न विचारा आणि ज्याला यंदा थांबावे लागेल, त्याला कमी लेखू नका. त्याच्यासाठी शिबिरात दुसरे काम भरपूर असते.